१९२ चौरस फुटांसाठी २६,५०० किलोमीटर

नगरच्या केडगावात जागेचा भाव विचारला की उत्तर गुंठ्यात येतं. म्हणून फुटबॉलचं मैदानही आपण गुंठ्यातच मोजू. लांबी १०५ मीटर, रुंदी ६८ मीटर, गुणाकार ७,१४० चौरस मीटर. म्हणजे सत्तर गुंठे! पावणेदोन एकर! गोलकीपर सोडले तर या रानात वीस गडी पळत असतात. माणशी साडेतीन गुंठे आले. आजच्या भावानं एवढी जागा कुणाच्या नावावर असली, तर तो पळायचं सोडून प्लॉटच पाडेल.

या सत्तर गुंठ्यांच्या टोकाला एक चौकट असते, २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. क्षेत्रफळ १९२ चौरस फूट. बारा बाय सोळाची खोली म्हणा ना. बचावपटूची सगळी नोकरी एवढ्या खोलीच्या राखणीची. आणि या राखणीसाठी माणूस किती लांब जातो? एका पोर्तुगीज गड्याचा हिशेब मी नकाशा पुढ्यात घेऊन मांडला. गावं बदलता बदलता त्याचं अंतर झालं २६,५०० किलोमीटर! मुंबई-पुणे १५० किलोमीटर धरा. १७६ खेपा झाल्या! आणि यात सामने खेळायला केलेला प्रवास धरलेलाच नाही. ही नुसती बिऱ्हाडं हलवण्याची बेरीज आहे.

गड्याचं नाव एन्रिके सेरेनो. जन्म १९८५, गाव एल्वास, स्पेनच्या सीमेला खेटून. तटबंदीचं, किल्ल्यांचं, छावणीचं गाव. २०१२ साली युनेस्कोनं ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. या गावाला पाणी आणायला जुन्या लोकांनी दगडी कमानींवरून एक नहर नेला. कमानी किती? ८४३! नगरकरांना भुईकोट किल्ल्याचं आणि निजामशाहीच्या खापरी नळांचं कौतुक आहे, ते असावंच. पण ८४३ कमानी एका रांगेत म्हणजे मान वळवून वळवून दुखायची.

पोर्तुगाल देश तरी केवढा? सुमारे ९२,००० चौरस किलोमीटर. आपला नगर जिल्हा १७,०४८. म्हणजे साडेपाच नगर जिल्हे जोडले की एक पोर्तुगाल तयार! लोकसंख्या सव्वा कोटीसुद्धा नाही, एक कोटी पाच लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा ४५ लाखांवर होता. अडीच नगर जिल्ह्यांएवढीही माणसं त्या देशात नाहीत. एवढ्या मूठभर लोकांनी २०१६ साली फ्रान्सला त्याच्याच घरात हरवून युरोप जिंकला. अडीच नगर जिल्ह्यांनी आपापली पोरं गोळा करावीत आणि युरोप लोळवून यावं, तसलं हे प्रकरण.

बचावाचं म्हणाल तर या लोकांचा अनुभव आपल्या नगरला फार जुना आहे. १५७० साली नगरच्या मुर्तजा निजामशहानं चौलला पोर्तुगीजांना वेढा घातला. महिनेच्या महिने वेढा चालला, १५७१ उजाडलं, पण चौल काही पडलं नाही. फौज मोठी आपली, बचाव भारी त्यांचा. फुटबॉल यायला अजून काही शतकं होती, एवढंच.

तर सेरेनोचा रस्ता धरू. अंतरं सगळी हवेतली, सरळ रेषेतली. जमिनीवरचे वळसे धरले तर आकडा आणखी फुगेल, पण आपण कंजूषपणानंच मोजू. एल्वासहून उत्तरेला गिमारायश, ३०० किलोमीटर. तिथून स्पेनमधल्या वायादोलिदला उसना गेला, आणखी ३००. मग पोर्तो, ३३०. झाले ९३०. इथवर मुंबई-पुणे सहा वेळा झालं म्हणायचं, विशेष काही नाही. आपल्याकडं शनिवार-रविवार ये-जा करणारा माणूस दीड महिन्यात याहून जास्त करतो.

पोर्तोला जरा थांबायला हवं. २०१०-११ चा पोर्तोचा संघ म्हणजे अजब चीज. लीगमध्ये ३० सामने, २७ जिंकले, ३ बरोबरीत, हार शून्य. शिवाय युरोपा लीगही त्याच साली जिंकली. सेरेनो रोजच्या अकरांतला नव्हता, पण संघात होता. त्या तीस सामन्यांत पोर्तोवर गोल झाले १६. तीस सामन्यांची मिनिटं २,७००. भागाकार करा: १६९ मिनिटांना एक गोल! आता नगरच्या स्टँडवरून पुण्याची एसटी धरा. केडगाव मागं पडलं, सुपा गेलं, शिरूर आलं, रांजणगावच्या गणपतीला बसमधूनच हात जोडले, शिक्रापूरच्या चौकात गाडी अडकली, वाघोलीची गर्दी कापत कापत एकदाची शिवाजीनगरला पोहोचली. एवढ्या वेळात समोरच्या संघाला एक गोल! पुण्याच्या प्रत्येक फेरीला एक, त्याहून जास्त नाही.

पुढं निघू. पोर्तोहून जर्मनीतलं कोलोन, १,६२० किलोमीटर. कोलोनहून परत वायादोलिद, १,३६५. बेरीज ३,९१५. आता उडी घ्या, खरी उडी! वायादोलिदहून तुर्कस्तानातलं कायसेरी, ३,३९० किलोमीटर. कायसेरीच्या डोक्यावर एर्जियेस नावाचा जुना ज्वालामुखी उभा आहे, उंची ३,९१७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं तरी एर्जियेसचा माथा सहाशे मीटर वरच राहतो! असल्या डोंगराखाली सराव करायचा आणि दिवस मोजायचे. कायसेरीहून पुन्हा जर्मनी, मायन्स, २,४७० किलोमीटर. बेरीज ९,७७५. दहा हजाराला थोडे कमी. हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याशी आपल्याला पुढं काम आहे.

आणि २०१६ साली हा माणूस मायन्सहून थेट कोलकात्याला आला. ७,४०० किलोमीटर, एका झेपेत! आधीच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या तीन चतुर्थांश अंतर एकाच करारात. वास्को द गामा लिस्बनहून ८ जुलै १४९७ ला निघाला आणि कालिकतला २० मे १४९८ ला पोहोचला. ३१६ दिवस! आजचा बचावपटू सकाळी बूट पिशवीत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सरावाला हजर. खारट पाणी नाही, वादळ नाही, फार तर विमानातलं थंडगार जेवण.

कोलकात्याच्या एटीके संघाकडून तो इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. इथं मात्र हिशेब करताना माझी पेन्सिल थबकली. त्या मोसमात आठ संघ होते: कोलकाता, गुवाहाटी, दिल्ली, मुंबई, पुणे, गोवा, चेन्नई, कोची. एटीकेचे साखळीतले सात सामने बाहेरगावी. उपांत्य फेरीचा एक सामना पुन्हा मुंबईत, अंधेरीला. अंतिम सामना पुन्हा कोचीत. संघ दर खेपेला कोलकात्याला परत आला असं धरा. जाऊन-येऊन बेरीज किती? २७,१०० किलोमीटर! अहो, २७,१००! आणि वेळ किती लागला? २ ऑक्टोबर ते १८ डिसेंबर, अडीच महिने. म्हणजे सेरेनोनं आयुष्यभर बिऱ्हाडं हलवून जेवढं अंतर कापलं, त्याहून जास्त अंतर त्याच्या संघाला भारतात एका हिवाळ्यात कापावं लागलं. मुंबई-पुणे १८० वेळा. आपला देश केवढा आहे, हे आपल्याला पोर्तुगालच्या माणसामुळं कळावं, हीही गंमतच.

थांबा, अजून संपलं नाही. बचावपटू एका सामन्यात दहाएक किलोमीटर पळतो म्हणतात, जाणकारांवर विश्वास ठेवू. त्या मोसमात एटीकेचे सामने झाले १७. सगळे खेळणारा एखादा गडी धरला, तर त्याचं पळणं १७० किलोमीटर. अंतर विमानाचं किती? २७,१००. मैदानात एक किलोमीटर पळायचं, तर त्यासाठी हवेत जवळजवळ १६० किलोमीटर उडायचं! एक किलोमीटर पळण्यासाठी मुंबईहून पुण्याला विमानानं जाण्यासारखं. असला धंदा कुठल्या व्यापाऱ्यानं केला असता, तर घरच्यांनी त्याला वहीसकट कोंडून ठेवलं असतं.

याच फेऱ्यांत ६ नोव्हेंबर २०१६ ला एटीकेचा संघ आपल्या बालेवाडीत येऊन गेला आणि पुणे सिटीकडून २-१ असा हरला. केडगावहून बालेवाडी म्हणजे सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर. जगभर हिंडलेले गडी आपल्यापासून तीन तासांवर खेळून गेले आणि आपल्यातले बहुतेक जण त्या संध्याकाळी कांद्याच्या भावावर बोलत होते. त्यात चूक काहीच नाही. कांदा आपला, फुटबॉल त्यांचा.

कांद्याचा विषय निघालाच आहे, तर पैसाही मोजून टाकू. सेरेनो काही महागड्या भावाचा माल नव्हता. पण त्याच्याच देशाचा, त्याच्याच जागेवर खेळणारा रुबेन दियास २०२० साली बेनफिकाकडून मँचेस्टर सिटीत गेला, तेव्हा मोजलेली रक्कम होती ६ कोटी ८० लाख युरो. तेव्हाच्या दरानं सुमारे ५८० कोटी रुपये. एका माणसाचे! नेप्तीच्या बाजारात कांदा किलोला २० रुपये धरा. ५८० कोटींचा कांदा किती येईल? २९ कोटी किलो. म्हणजे २ लाख ९० हजार टन. ट्रकमध्ये २० टन भरा. ट्रक लागले १४,५००! एका ट्रकची लांबी दहा मीटर धरून एकाच्या शेपटीला दुसरा लावा. नेप्तीहून रांग सुरू झाली, केडगाव ओलांडलं, सुपा, शिरूर, शिक्रापूर, वाघोली, पुणं मागं पडलं, तरी रांग संपेना. १४५ किलोमीटर! शेवटचा ट्रक देहूरोडच्या पुढंमागं कुठंतरी हॉर्न वाजवतोय. आणि एवढा कांदा विकून घेतलं काय? बारा बाय सोळाच्या खोलीचा राखणदार.

आता कोची. १८ डिसेंबर २०१६. अंतिम सामना, एटीके विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. स्टेडियमात माणसं ५४ हजारांवर, बहुतेक सगळी पिवळ्या कपड्यांत, बहुतेक सगळी सेरेनोच्या विरोधात. ५४ हजार म्हणजे किती? २४ डब्यांची गाडी घ्या, डब्याला ७२ बर्थ धरा. एका गाडीत १,७२८ माणसं, तीही झोपून. अशा ३१ गाड्या भरतील! नगर स्टेशनावर अर्ध्या अर्ध्या तासानं एक गाडी सोडली, तर पहाटे पाचला सुरू झालेला प्रकार रात्री आठपर्यंत चालेल.

३७ व्या मिनिटाला मोहम्मद रफीनं केरळचा गोल केला. एकतीस गाड्या एकदम उठून नाचल्या. आणि ४४ व्या मिनिटाला कॉर्नर आला, सेरेनो उसळला, डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात. १-१. एकतीस गाड्या एका झटक्यात गप्प! पुढं जादा वेळ झाला, पेनल्टी झाल्या आणि एटीकेनं ४-३ नं करंडक नेला. ज्याला गोल अडवायला साडेसात हजार किलोमीटरवरून आणलं, त्यानं गोल करून संघाला वाचवलं. आणि गाव कुठलं? कोची! याच कोचीत वास्को द गामानं २४ डिसेंबर १५२४ ला देह ठेवला. सेरेनोचा गोल त्याच्या ४९२ वर्षांनी, सहा दिवस अलीकडं. असला मेळ जमवायला मोठ्या ज्योतिषालाही घाम फुटला असता.

त्यानंतर सेरेनो स्पेनमधल्या अल्मेरियाला गेला, ८,६०० किलोमीटर, आणि मग परत मायदेशी शावेशला, ७००. एकूण बेरीज २६,४७५. पृथ्वीचा घेर ४०,०७५. म्हणजे दोन तृतीयांश पृथ्वी!

पण मघाशी एक आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. ९,७७५. सेरेनोची भारतात येण्याआधीची सगळी बिऱ्हाडं, चार देश धरून. आता आपला माणूस घ्या, मुंबईचा राहुल भेके. तोही बचावपटू. मुंबई एफसीतून ईस्ट बंगालला, कोलकात्याला, १,६५३ किलोमीटर. तिथून केरळ ब्लास्टर्सकडं उसना, १,९००. परत कोलकाता, १,९००. मग पुणे सिटीकडं उसना, १,५७३. परत कोलकाता, १,५७३. बेंगळुरू, १,५५९. मुंबई सिटी, ८४३. पुन्हा बेंगळुरू, ८४३. करा बेरीज. ११,८४४! पासपोर्टला हात न लावता! एकाच देशात, एकाच रुपयावर! सेरेनोचा सगळा युरोप आणि तुर्कस्तान एकीकडं, भेकेचा एकटा भारत दुसरीकडं, आणि आपलं पारडं दोन हजार किलोमीटरनं जड. पुणे सिटीकडून तो खेळला ते सालही २०१६ च. बालेवाडीचा तो संघ त्याचाच.

आणि गोलचं म्हणाल तर भेके या कलेत मुरलेला. १७ मार्च २०१९, अंधेरीचं मैदान, बेंगळुरू विरुद्ध गोवा, अंतिम सामना. ९० मिनिटं गेली, गोल नाही. १०० गेली, नाही. ११० गेली, नाही. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर, भेकेचं डोकं, गोल! सात हजार सेकंद कोरडे गेल्यावर एक थेंब आणि त्याच थेंबावर करंडक. मग ११ एप्रिल २०२२, रियाध, एएफसी चॅम्पियन्स लीग. मुंबईहून सुमारे २,७६५ किलोमीटर. समोर इराकचा एअर फोर्स क्लब. मुंबई सिटी आधी एका गोलनं मागं, मग पेनल्टीनं बरोबरीत, आणि ७५ व्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर, पुन्हा भेके, पुन्हा डोकं. २-१! या स्पर्धेच्या गट फेरीत भारतीय क्लबनं जिंकलेला हा पहिला सामना. १४० कोटींच्या देशाचं खातं एका बचावपटूच्या कपाळानं उघडलं.

आता शेवटचा हिशेब, आणि तो करताना मला खरोखर गरगरलं. चेंडू डोक्याला टेकतो तो वेळ किती? तज्ज्ञ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास सांगतात. तेवढाच धरू. आणि कारकीर्द किती? पंधरा वर्षं म्हणा. पंधरा वर्षांचे सेकंद ४७ कोटी ३३ लाख. त्यांचे शंभरावे भाग ४,७३३ कोटी. म्हणजे ४,७३३ कोटी रुपयांत एक रुपया! हीच पंधरा वर्षं मुंबई-पुणे रस्त्यावर पसरा. दादरला करार, पनवेलला दुखापत, खंडाळ्याच्या घाटात कोलोन, लोणावळ्याला कायसेरी, पिंपरीला कोलकाता, असा १५० किलोमीटर आयुष्याचा रस्ता. त्या रस्त्यावर डोक्याला चेंडू टेकल्याच्या क्षणाला जागा मिळाली किती? बोटभर? नाही. तांदळाएवढी? नाही. केसाच्या जाडीएवढी? तेवढीही नाही. केसाच्या जाडीचे वीस भाग करा, त्यातला एक! १५० किलोमीटरांच्या रस्त्यात केसाचा विसावा हिस्सा, आणि लोकांच्या लक्षात राहतो तो तेवढाच. बाकी सगळी विमानं, सगळे करार, सगळी बिऱ्हाडं या एवढ्याशा फटीतून आत शिरायला धडपडत असतात.

सेरेनोची फट ४४ व्या मिनिटाची. भेकेच्या फटी अजून मोजाव्या लागतात. १८ नोव्हेंबर २०२४ ला हैदराबादेत मलेशियाविरुद्ध भारत मागं होता, तेव्हा बरोबरीचा गोल भेकेचाच, डोक्यानं. १९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध भारत ३-० नं जिंकला. ४८९ दिवसांनी भारताला मिळालेला तो पहिला विजय. पहिला गोल ३५ व्या मिनिटाला, कॉर्नरवरून, डोक्यानं. करणारा राहुल भेके, वय ३४, जागा बचावपटूची.